विकतच्यापेक्षा स्वस्त

मखमलाबादच्या काकडांच्या घरात लोकर न चढलेल्या वस्तू दोनच होत्या : विहिरीवरची मोटार आणि गॅसची शेगडी. बाकी सगळ्यांना नवसाबाईंनी काही ना काही विणून घातलं होतं. टीव्हीच्या रिमोटला झबलं होतं, मिक्सरला परकर होता, पाण्याच्या बाटलीला कमरेपर्यंत बंडी होती. नवऱ्याची, म्हणजे लहानूरावांची, माकडटोपी इतकी घट्ट होती की ती चढवली की त्यांना ऐकू यायचं बंद होई. अडतीस वर्षांच्या संसारात हीच टोपी आपल्या सगळ्यात कामाला आली, असं ते खाजगीत सांगत. एका डिसेंबरात शेळी व्याली, तेव्हा तिच्या दोन्ही करडांना स्वेटर झाले. करडांनी ते तिसऱ्या दिवशी खाल्ले. नवसाबाई म्हणाल्या, "मुक्या जनावराला लोकरीची पारख हाय, माणसांनाच नाय."

या सगळ्यामागं त्यांचा एक हिशोब होता आणि तो त्या तीस वर्षं ऐकवत आल्या होत्या. "विकतचा स्वेटर आठशेचा. लोकर तीनशेची. हात आपलेच, ते काय भाड्यानं आणलेत?" हा हिशोब आजवर कुणी तपासला नव्हता. तपासायला बसणाऱ्याच्या पुढ्यात चहा येई, आणि चहापाठोपाठ माप घ्यायची टेप येई.

विणकाम त्या शाळेत शिकल्या. सातवीत बाईंनी सगळ्या मुलींच्या हातात दोन सुया दिल्या आणि सुलट टाका, उलट टाका शिकवला. पुढं शाळा सुटली, सुया काही सुटल्या नाहीत. काकडांची वीस गुंठ्यांत शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडायची, पोती स्कूटरवर बांधायची, आणि लहानूरावांनी पोत्यांसकट बायकोला पंचवटीत मालेगाव स्टँडच्या अलीकडं तिच्या जागेवर नेऊन सोडायचं, हा रोजचा क्रम. निळी ताडपत्री, खाली गोणपाट, पुढं टोपल्या, आणि बांबूला टांगलेला पैसे घ्यायचा स्कॅनर. नऊ वाजेपर्यंत हारांची घाई. नंतर दुपारपर्यंत गिऱ्हाईक थेंबाथेंबानं येतं. त्या रिकाम्या वेळात सुया बाहेर निघत. रिकामे हात नवसाबाईंना बघवत नसत, आपलेही नाही आणि दुसऱ्याचेही नाही.

फक्त टाके मोजत असताना त्यांच्याशी बोलायची सोय नसे. एकदा एका माणसानं विचारलं, "मावशी, हार कितीला?" नवसाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "शहाण्णव." हार चाळीसचा होता. त्या भल्या चष्मेवाल्या माणसानं मुकाट्यानं शहाण्णव रुपये स्कॅन केले आणि हार घेऊन तो वळणावरून दिसेनासाही झाला. ओळ संपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग पुढचे चार दिवस त्या प्रत्येक चष्मेवाल्या माणसाला "तुमचे छप्पन रुपये राहिलेत का?" असं विचारत होत्या. दोघेजण हो म्हणाले. दोघांनाही पैसे मिळाले.

अशा या बाईच्या घरी दीड वर्षापूर्वी सून आली. तिचं नाव चैताली. माहेर कळवणचं, शिक्षण बी.कॉम., आणि नोकरी कॉलेज रोडवरच्या चार मजली तयार कपड्यांच्या दुकानात. तिसऱ्या मजल्यावर लेडीज विंटरवेअर म्हणून विभाग होता, तिथं ती उभी असे. थोडक्यात, नवसाबाईंची सून दिवसाचे नऊ तास लोकांना विकतचे स्वेटर घालत होती. देवानं ही गंमत मुद्दाम केली, असं लहानूरावांचं मत होतं.

पोरगी गुणाची होती. पहाटे उठे, डबे करी, हळू बोले, सासऱ्यांच्या विनोदाला वेळेवर हसे. मुलगा सुनील सातपूरच्या कंपनीत पाळीवर जाई, त्याच्याही वेळा ती सांभाळी. तक्रारीला म्हणून जागा नव्हती आणि हीच नवसाबाईंची तक्रार होती. पोरगी काही मागतच नसे. डोकं दुखलं की पर्समधून स्वतःची गोळी काढी. चादर हवी झाली, विकत आणली. छत्री मोडली, विकत आणली. नवसाबाई म्हणायच्या, "अगं, मला सांगायचं." ती म्हणायची, "कशाला तुम्हाला त्रास, आई." हे ती इतक्या गोड बोले की पुढं काही बोलताच येत नसे. चांगल्या घरातला पाहुणा जसा राहतो तशी ती राहत होती, आणि पाहुणा कितीही चांगला असला तरी दीड वर्ष म्हणजे जरा जास्तच होतं. घरात सगळ्यांच्या अंगावर, अगदी रिमोटच्याही अंगावर, नवसाबाईंच्या हातचं काहीतरी होतं. सुनेच्या अंगावर नव्हतं. तिनं एकदा काही मागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण इच्छा सांगून टाकायची म्हणजे सासूपणाला कमीपणा, म्हणून त्या नुसत्या वाट बघत होत्या.

नोव्हेंबर संपता संपता ती वेळ आली, निदान नवसाबाईंना तसं वाटलं. निफाडचा पारा पेपरात यायला लागला होता. रात्रीच्या जेवणाला चैताली म्हणाली, "एक जानेवारीपासून दुकानात स्टाफला स्वेटर कंपल्सरी आहे. वाईन कलर. दुकानातून घेतला तर साडेसहाशे, पगारातून कापणार. नाहीतर आपला चालेल, पण रंग तंतोतंत तोच पाहिजे."

"वाईन कलर म्हंजे?" नवसाबाईंनी विचारलं.

चैतालीनं दुकानाची कापडी पिशवी दाखवली. "हा. असाच."

"हा तर वांगी रंग," नवसाबाई म्हणाल्या. भाकरी ताटात ठेवून त्यांनी हात पुसले, तेव्हाच लहानूरावांनी ओळखलं की आता कुणाचीतरी धडगत नाही. "साडेसहाशे कशापायी घालायचे? मी करते. तीनशेत होईल."

"आई, कशाला त्रास…"

"त्रास काय त्यात. हात बसूनच असतात."

"तसं नाही, पण," चैताली चाचरत म्हणाली, "आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, हाताचं हल्ली महाग पडतं. लोकरीचा रेट वाढलाय ना. मशीनवर एका दिवसात…"

"मशीनच्या स्वेटराला काय ऊब असती? पेपर गुंडाळल्यासारखा."

"ऊब वेगळी. मी फक्त किमतीचं बोलतेय."

"मी पण किमतीचंच बोलते. तीनशे."

लहानूराव म्हणाले, "चैताली, तू हो म्हण. नाय म्हणालीस तर तुझ्या स्कूटीला विणून घालील."

चैताली हसली आणि हो म्हणाली. नवसाबाईंना माहीत होतं की ही मागणी नव्हे. हा नुसता होकार होता, पाहुण्यानं अजून एक पोळी वाढून घ्यावी तसा. पण दीड वर्षाच्या उपासाला तोही चालला. पोरीनं हा स्वेटर अंगात घालावा, सगळ्या दुकानापुढं घालावा, यापलीकडं त्यांना त्या थंडीत दुसरं काही नको होतं. तीनशे आणि साडेसहाशे हे आपलं बोलायचं निमित्त.

मापासाठी दोरीवर वाळत घातलेला चैतालीचा कुडता त्यांनी टेपनं मोजला. दुसऱ्या दिवशी परत येताना मखमलाबाद नाक्यावरच्या रावजींच्या दुकानात त्या पिशवी घेऊन गेल्या. रावजी सुई, दोरा, बटणं, लोकर आणि सल्ला असा पाच प्रकारचा माल ठेवत. त्यातला शेवटचा फुकट होता.

"मावशी, लेडीज स्वेटरला दहा गुंडे लागतील. पन्नास ग्रॅमचा गुंडा पंचावन्नला. अख्खा पुडा घेतला तर दहाचे चारशे ऐंशी लावतो. एकदम घेऊन टाका. पुढं लॉट बदलतो, मग रंगात फरक पडतो."

नवसाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. तीस वर्षं फुलं विकलेल्या बाईला "एकदम घेऊन टाका" म्हणजे काय, ते चांगलं कळतं. "एकदम घेऊन टाका" हे त्या स्वतः रोज निघायच्या वेळी टोपलीच्या बुडाशी फुलं राहिली की म्हणत. शिवाय त्यांच्या धंद्यात एकदम घेणं हा गुन्हाच. फूल आजचं आज. आज विकलं त्यातून उद्याचं बघायचं. साठा करणारा फुलवाला दुसऱ्या दिवशी खत विकतो. या शिस्तीनं त्यांनी संसार केला होता. तेल पावशेर, साखर अर्धा किलो, आणि मोबाईलचं रिचार्जसुद्धा सगळ्यात छोटं.

"एक दे," त्या म्हणाल्या.

मग तोच परिपाठ पडला. रोजच्या कमाईतून पंचावन्न रुपये बाजूला निघाले की नाक्यावर उतरून एक गुंडा. धंदा नाही झाला त्या दिवशी गुंडा नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंतीला हात लावू देत नाहीत एवढी मागणी असते, त्या दिवशी दोन गुंडे. प्रत्येक वेळी त्या नवा गुंडा पिशवीला लावून बघत, रावजींच्या दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली, आणि तो हुबेहूब तोच दिसे. विणायच्या त्या निळ्या ताडपत्रीखाली. निळ्या ताडपत्रीखाली मिशीवाला माणूससुद्धा जरासा वांगी रंगाचा दिसतो, तिथं लोकरीची काय कथा.

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाह्या झाल्या. मध्येच जुनी सुई वाकली, म्हणून नव्या सुयांची जोडी आणावी लागली. सहा बटणं लागली, तीही चांगली, कारण सूनबाई दुकानात उभी राहणार. तीस डिसेंबरला स्वेटर पुरा झाला. चैतालीनं तो घरातल्या दिव्याखाली घालून पाहिला आणि म्हणाली, "छान झालाय, आई." लहानूरावांनी टोपी काढून पाहिलं आणि तेही छान म्हणाले. एक तारखेला दुकानात लवकर बोलावलं होतं, म्हणून पोरगी उजाडायच्या आधीच स्वेटर घालून स्कूटीवर बसून गेली. ती रस्त्याच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत नवसाबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक हाराला चार फुलं जास्त लावली.

"काय म्हणाले दुकानात?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी बघितला," चैताली म्हणाली.

हे उत्तर नवसाबाईंनी आठवडाभर तोंडात घोळवलं. सगळ्यांनी बघितला, तर आपणच का बघू नये? आपला स्वेटर चार मजली दुकानात उभा असलेला कसा दिसतो, ते डोळ्यांनी पाहायचं त्यांच्या मनानं घेतलं. आठव्या दिवशी दुपारी टोपल्या रिकाम्या झाल्यावर त्या लहानूरावांना म्हणाल्या, "तुमचे बनियन फाटलेत."

"फाटले नाय."

"फाटलेत. कॉलेज रोडला चला."

लहानूरावांनी स्कूटर वळवली. इतक्या वर्षांनी माणसाला आपले बनियन फाटलेले असणं मान्य करता येतं.

दुकानात शिरताच पांढराफेक उजेड. छताला ओळीनं दिवे, भिंतींना आरसे, कुठं सावली म्हणून नाही. लिफ्टनं दोघं तिसऱ्या मजल्यावर आले. चैताली पाठमोरी उभी होती, स्वेटरच्या घड्या घालत. तिच्या अंगात एक पातळसा, अंगालगत बसणारा वांगी स्वेटर होता. तो नवसाबाईंचा नव्हता.

त्यांचा स्वेटर काउंटरमागच्या स्टुलाच्या पाठीवर टाकलेला होता. आणि त्या पांढऱ्या उजेडात तो त्यांना पहिल्यांदा नीट दिसला. खालची पट्टी वांगी, अगदी पिशवीसारखी. त्यावर चार बोटं बिटाच्या अंगाची. त्यावर कोकमासारखा एक पट्टा. मग पुन्हा वांगी, पण पिकलेलं. उजवी बाही जांभळीकडं झुकलेली, डावी तपकिरीकडं. नवसाबाईंनी एकेक पट्टा ओळखला. हा पहिल्या मंगळवारचा. हा पाऊस झाला आणि धंदा बुडाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हा रुंद, तो मार्गशीर्षातल्या गुरुवारचा, दोन गुंड्यांचा. सबंध महिन्याचा फूलबाजार पोरीच्या अंगावर चढवून त्यांनी तिला नोकरीला पाठवलं होतं.

चैताली वळली. "आई? तुम्ही इथं?"

"ह्यांना बनियन घ्यायचेत."

"बनियन खाली मिळतात, पहिल्या मजल्यावर."

"मग चुकून वर आलो," लहानूराव म्हणाले आणि बाजूला होऊन एका मफलरची किंमत वाचत उभे राहिले.

नवसाबाईंनी स्टुलावरचा स्वेटर उचलला. "लय पट्टे दिसतात गं."

"इथला लाइटच तसा आहे."

"लाइटला काय झालं? लाइट खरं बोलतोय." त्यांनी बाही उलटी करून पाहिली. "नाय चालला ना?"

"फ्लोअरच्या मॅडम म्हणाल्या, रंग एकसारखा पाहिजे. बाकी विणकाम त्यांना आवडलं."

"अंगात हाय तो दुकानातला?"

"हो. पगारातून कापतील."

"मला का नाय सांगितलं?"

चैताली घडी घातलेला स्वेटर पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालायला लागली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

नवसाबाईंनी आपला स्वेटर पिशवीत कोंबला. "राहू द्या ना आई, संध्याकाळी मला तो…" चैताली सांगायला लागली, तेवढ्यात एका बाईंनी तिला हाक मारली, "मॅडम, यात एक्सेल आहे का?" आणि तिला जावं लागलं. तिचं वाक्य संपायची वाट न बघता नवसाबाई लिफ्टकडं निघाल्या. बनियन घ्यायचे राहिलेच.

त्या रात्री जेवताना त्यांनी आपणहून सगळा हिशोब मांडला. चुकलं तर चुकलं म्हणायची त्यांची पद्धत होती, फक्त ते दर दहा वर्षांनी एकदा घडे. "दहा गुंडे, साडेपाचशे. बटणं साठ. सुया पन्नास. सहाशे साठ झाले. रावजीचं ऐकून पुडा घेतला असता तर पाचशे नव्वदला पडला असता आन एका रंगात झाला असता. दुकानातला साडेसहाशे. म्हंजे पोरगी म्हणत होती तेच खरं. विकतचा स्वस्त."

"दहा रुपयांनी," लहानूराव म्हणाले.

"दहा तर दहा."

"आन वर दुकानातला घेतलाच. तेराशे दहा. बचत लय महागात गेली."

चैतालीनं मान खाली घातली ती हसू लपवायला, पण नवसाबाईंना ते तसं दिसलं नाही. त्यांना वाटलं, पोरगी पुन्हा पाहुणी झाली. आता ती यापुढं होकारसुद्धा देणार नाही.

बुधवारी चैतालीची सुट्टी. त्या दिवशी फुलं कमी होती, म्हणून नवसाबाई लवकर घरी आल्या आणि ओट्यावर उन्हात बसून त्यांनी स्वेटर उसवायला घेतला. स्वेटर विणायला महिना लागतो. उसवायला एक चहा पुरतो. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची मोठी वेटोळी करून, म्हणजे लडी करून, ती धुवावी लागते, मग सरळ होते. आणि लडी करायला समोर एक माणूस लागतं, दोन्ही हात पुढं करून बसणारं. हे काम आजवर लहानूरावांचं होतं. बायकोला स्वेटरच्या गळ्यापासून धागा सोडवताना बघून ते उठले आणि शेवंतीला पाणी द्यायला निघून गेले. मोटारीला तेव्हा लाइट नव्हती.

"मी धरू का?" चैताली दारात उभी होती.

"तुझी सुट्टी हाय. पड जरा."

"सांगा कसे धरायचे."

ती समोर बसली, हात पुढं केले, आणि नवसाबाई लोकर तिच्या दोन्ही हातांभोवती फिरवायला लागल्या. आत तिचा फोन वाजला. तिनं उठायची हालचाल केली. "हलू नको, गुंता होईल," नवसाबाई म्हणाल्या. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. दीड वर्षात पहिल्यांदाच ही पोरगी त्यांच्यासमोर अशी बसली होती की तिला कामाला उठता येत नव्हतं, भांडं घासता येत नव्हतं, फोन बघता येत नव्हता. बोलण्यावाचून इलाज नव्हता.

"पण पुन्हा विणला तरी रंग तेच ना, आई?"

"रंग तेच. पण दोन ओळी ह्या गुंड्याच्या, दोन ओळी त्या गुंड्याच्या, असं घेत जायचं. मग पट्टा पडत नाय. कालची शेवंती उरली की आम्ही तेच करतो. दोन आजची, एक कालची, दोन आजची. कालची सगळी एका जागी आली तरच गिऱ्हाईकाला कळतं."

"म्हणजे गिऱ्हाईकाला फसवता."

"फसवत नाय. कालच्या फुलाला सोबत देते."

चैताली मोठ्यानं हसली. वेळेवर हसायचं ते हे हसू नव्हतं, त्यामुळं तिचे हात हलले आणि दोन वेढे निसटले. नवसाबाईंनी ते पुन्हा चढवले.

"हे आधीच का नाही सुचलं तुम्हाला?"

"फुलं रोज सुकतात, म्हणून सुचतं. लोकर सुकत नाय. मला वाटलं, तिला काय कळतंय कालचं आन आजचं." त्यांनी धाग्यातली एक गाठ सोडवली. मग म्हणाल्या, "माझी सासू मला लय मागायची. हे आण, ते कर, पाय दाब. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपली सून आली की तिला काय विचारायचं नाय. जाच वाटतो."

चैताली लोकरीकडं बघत होती. "आणि मी कळवणहून निघाले तेव्हा आईनं एकच सांगितलं होतं. सासरी काही मागायचं नाही."

"का?"

"चार बहिणींत मी तिसरी. मागायची सवय लागली तर कुठवर पुरणार, असं तिचं म्हणणं."

नवसाबाई वेढे देत राहिल्या. अर्धी पाठ झाली होती. शेवटी त्यांनी जे दोन दिवस मनात घोळत होतं ते बाहेर काढलं, तेही दुसरीकडं बघत. "तुझ्याकडं आता दुकानातला हायच. हा काय तुला लागायचा नाय. तुझ्या सासऱ्यांना करून टाकते, पहाटे शेतात घालायला."

ओट्याखालून कोंबडी जाऊन परत आली.

"दुकानातला स्वेटर थंडीचा नाही हो, आई," चैताली म्हणाली. "नुसता रंगाचा आहे. एसीत उभं राहायला ठीक. सकाळी गाडीवर रामवाडीच्या पुलावर आलं की नदीचा वारा लागतो, तिथं तो असून नसल्यासारखा. मी जाता-येता तुमचाच घालत होते रोज. दुकानात पोचलं की काढायचे. तेच सांगत होते तुम्हाला परवा, तर तुम्ही पिशवीत घालून निघून गेलात. दोन दिवस नुसती कुडकुडतेय."

नवसाबाईंचे हात थांबले.

"त्यामुळं करायचाच असेल," चैताली म्हणाली, आणि मग एवढा वेळ सरळ धरलेले हात जरा खाली आले, "तर मलाच करा. बाह्या लांब करा. ब्रेक धरला की मनगट उघडं पडतं. बोटांच्या मुळापर्यंत पाहिजेत."

"बरं. आन?"

"गळा बंद. समोरून वारा शिरतो."

"आन?"

"खिसे. दोन. आणि काखेत जरा सैल, तिथं काचतो."

"काचतो?"

"थोडासा."

"पहिल्या दिवसापासून?"

"घरात घालून पाहिला तेव्हापासून."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं तुला?"

"विचारलंत कुठं तुम्ही," चैताली म्हणाली. "माप तर दोरीवरच्या कुडत्याचं घेतलंत."

नवसाबाईंनी यावर विचार केला. बंद गळ्याला आणि लांब बाह्यांना दोन गुंडे अजून लागणार होते, म्हणजे तेराशे दहाचे किती होतात ते मनात आलं आणि गेलं. त्यांनी धागा पुन्हा बोटात घेतला आणि फिरवायला सुरुवात केली, आधीपेक्षा जरा सावकाश.

"डावा हात वर घे," त्या म्हणाल्या, "लोकर सुटतीया. आन खिशाला झाकण पाहिजे का, तेही आत्ताच सांग."